दुसऱ्या पानावरची विहीर

अक्का,

तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले आणि मी दमलो. रडून नव्हे, रडणं मला कधी नीट जमलं नाही हे तुला ठाऊक आहे. मी दमलो ते सांगून सांगून. माणसं येतात, ओटीवर टेकतात, उपरण्याने मान पुसतात आणि विचारतात, "बापूराव, कसं हो झालं एकाएकी?" मग मी सांगतो. पहिले चार दिवस बरं सांगितलं. तू माजघरात सुपात तांदूळ निवडत होतीस, सुभद्रेला म्हणालीस, "आमटी उतर गो, आटतेय," आणि भिंतीला पाठ टेकलीस. झालं ते एवढंच. पण एवढ्यावर माझं कधी भागलंय? मी त्यात खिडकीतून आलेलं ऊन घातलं, सुपातून सांडलेले दाणे घातले, दाराशी येऊन थबकलेली एक मांजर घातली. आणि दर वेळी मांजरीपाशी आलो की थांबलो. आतून तुझा आवाज यायला हवा होता, "बापू, मांजर आपल्याकडे होती कधी?"

आला नाही. पाचव्या दिवशी मी मांजर काढून टाकली. मग ऊनही काढलं. आता कोणी विचारलं तर म्हणतो, "तांदूळ निवडता निवडता गेली." लोकांना वाटतं, दुःखाने बापूरावांची वाचा बसली. वाचा ठणठणीत आहे. खोडायला कुणी नाही, म्हणून वाढवून सांगायची गोडी गेली.

तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मला चालायला तू शिकवलंस असं आई सांगायची, तू म्हणायचीस, "चालायला नव्हे, पडल्यावर ओरडू नकोस हे शिकवलं." लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तू लाल आलवण नेसून माहेरी परत आलीस आणि त्यानंतर तुझ्याबद्दल घरात सगळे हळू आवाजात बोलत. तू मात्र मोठ्यानेच बोलायचीस. आईने दिलेल्या पाटल्या मोडून तू कचेरीच्या उतारावर हे घर घेतलंस आणि खानावळ घातलीस तेव्हा गावात काय काय बोललं गेलं ते मी कधी तुझ्यापर्यंत येऊ दिलं नाही, अशी माझी समजूत होती. तुला सगळं शब्दशः ठाऊक होतं. बोलणाऱ्यांतले निम्मे पुढे तुझ्याकडेच जेवायला यायचे.

कचेरीच्या आवारात चटई टाकून लोकांचे दस्त लिहिणारा मी, आणि दोनशे पावलांवर तारखेला आलेल्या पक्षकारांना जेवू घालणारी तू. आपण दोघंही एकाच गिऱ्हाइकावर जगलो. नाटे गावचे लोक, लांज्याचे लोक, मंडणगडहून दोन दिवस आधी निघून आलेले लोक. आत बसणारे आत बसत, पडवीत बसणारे पडवीत, अंगणात बसणारे अंगणात. आमटी तिन्हीकडे एकाच तपेल्यातली. जेवताना त्यांना दुसरं काय सुचणार? वादी वाढून होईपर्यंत आपली बाजू सांगायचा, प्रतिवादी ताक येईपर्यंत आपली. तुला अक्षरओळख नव्हती, पण तीस वर्षं वाढता वाढता तू जेवढा कायदा ऐकलास तेवढा आमच्या इथल्या नव्या वकिलांनी वाचलेला नसेल. कुणाच्या कागदात काय राहून गेलं आणि त्यापायी कोण कसा बुडाला, हे तुला नावागावासकट पाठ.

नाट्याचा तो उंच म्हातारा आठवतो? भावाशी अकरा वर्षं भांडून घर जिंकलेला. निकालाच्या दिवशी तू त्याला गूळ दिलास. तो म्हणाला, "बाय, घर माझा झाला, पन वर चढायची पाखाडी कागदात नाय. आता घरात जायचा तर भावाच्या दारातून इचारून जायला हवा." तू त्याच्या हातावर आणखी एक खडा ठेवलास आणि माझ्याकडे बघितलंस. त्या बघण्याचा अर्थ मला पुढे कळला.

अक्का, आता त्या दिवसाकडे येतो. मी येणार नाही असं वाटलं होतं ना तुला? मलाही वाटलं होतं.

आठ वर्षं झाली. दुपारची पंगत उठली होती. मी पान मांडायची वाट बघत ओटीवर बसलो होतो. तू पदराला हात पुसत आलीस आणि म्हणालीस, "बापू, स्टॅम्प आण. घराचा कागद करायचा."

आता इथे माझं तोंड कसं झालं असेल ते तुला सांगायला नको; तू बघत होतीस. कागद हवाच होता. मूलबाळ नसलेली विधवा कागद न करता गेली की तिचं घर नवऱ्याच्या माणसांकडे, म्हणजे तुझ्या लांज्याच्या पुतण्याकडे, वामनकडे जाणार, हे मी गिऱ्हाइकांना दररोज सांगतो. भाऊ कुठेच येत नाही. म्हणून भावाच्या नावे कागद होणार, हे मी, माझी बायको, आमचे शेजारी आणि तुझे निम्मे जेवणारे धरून चाललो होतो. माझ्या बायकोने तर तुझ्या माजघरात मांडणी कुठे ठेवायची हेही ठरवलं होतं. मी खाली बघितलं, नाटकात नायकाला राज्य मिळतं तेव्हा तो बघतो तसं, आणि म्हणालो, "एवढी घाई काय आहे, अक्का?"

"घाई नाही. सुभद्रेच्या नावे करायचा."

माझ्या चेहऱ्यावरचं ते विनयाचं हसू बराच वेळ तसंच राहिलं. पडदा ओढणारा झोपला की नटाचं जे होतं ते माझं झालं.

सुभद्रा. मंडणगडकडच्या एका भिक्षुकाची मुलगी. नवऱ्याने टाकलेली, बापाबरोबर पोटगीच्या दाव्यासाठी आली, तुझ्याकडे जेवली. दावा लांबला, बाप परत गेला, ती राहिली. वीस वर्षं तिने तुझ्या बरोबरीने चूल फुंकली. मी तिला कधी वाईट म्हटलं नाही. पण वाईट न म्हणणं आणि घर देणं यांत फरक आहे असं मला तेव्हा ठामपणे वाटत होतं, आणि ते मी कायद्याच्या भाषेत तुला सांगायला लागलो.

"मृत्युपत्र कर," मी म्हणालो. "तुझ्या पश्चात तिला. तोवर घर तुझं. मन बदललं तर फाडून दुसरं करता येतं."

"कुणाचं मन बदलेल? माझं की तुझं?"

"मी सर्वसाधारण सांगतोय."

"मृत्युपत्र उघडायचं तेव्हा मी नसणार. मग वामन म्हणणार काकूची बुद्धी ठिकाणावर नव्हती. तू म्हणणार, होती. लोक म्हणणार दोघंही घरासाठी बोलतायत. मला माझ्या देखत द्यायचंय. बक्षीसपत्र लिही."

"बक्षीसपत्र एकदा झालं की परत घेता येत नाही. उद्या तिने तुला दाराबाहेर काढलं तर?"

"वीस वर्षांत तेवढं ओळखता आलं नसेल तर काढू दे. शिक्षा बरोबर होईल."

हा वाद आपण तीन आठवडे घातला. मी कुंपणावरून घातला, पानावर बसून घातला, एकदा देवळाच्या पायरीवर घातला. मी म्हटलं, देवाला कौल तरी लाव. तू म्हणालीस, "देवाला कशाला त्रास? त्याला कुठे रजिस्ट्रारपुढे उभं राहायचंय." शेवटी मी एकच गोष्ट मिळवली. तुझ्या हयातीपर्यंत तुला या घरात राहण्याचा हक्क राहील, असं कलम. त्याच्यावरही तू नाक मुरडलंस. "माझ्याच घरात मी हक्काने राहू? सुभद्रेकडे राहीन की, बरी राहीन." तरी मी ते घातलंच. पुढे आठ वर्षं तू सुभद्रेला मीठ कमी पडल्यावरून बोललीस की ती म्हणायची, "अक्का, कलम बघून बोला हो. राहायचा हक्क दिलाय, ओरडायचा नाही." आणि तू हसत सुटायचीस. ते कलम योग्य होतं की नव्हतं, हा वाद आपला राहिलाच. मी अजून म्हणतो, योग्य होतं. बोल की.

कागद मी घरी बसून लिहिला. एरवी मी कच्चा मसुदा करतो, वाचून दाखवतो, मग स्टॅम्पावर उतरवतो. या वेळी एकदम स्टॅम्पावरच लिहून आणला. तुला म्हटलं, नेहमीचंच आहे, कच्च्याची काय गरज. मग तू ते केलंस जे फक्त तुझ्या खानावळीत होऊ शकत होतं. भर पंगतीत मला मध्ये उभं केलंस आणि म्हणालीस, "मंडळी, जेवता जेवता ऐका. भावाने माझ्या घराचा कागद केलाय. तुम्ही सगळे कागदाने पोळलेली माणसं. यात भोक कुठे आहे ते शोधा. सापडेल त्याला दुसऱ्यांदा दही."

मी वाचला. माझा आवाज चांगला लागला होता, ते मान्य करायला हवं. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' मी अशा थाटात म्हटलं की अंगणातल्यांनी जेवण थांबवलं. पूर्वेस दगडी गडगा, पश्चिमेस पाखाडी, दक्षिणेस अमक्याचं परसू, उत्तरेस सरकारी रस्ता. त्यात घर, पडवी, न्हाणी, आणि झाडेमाडे: दोन फणस, एक रायवळ आंबा, चार माड. मग भोकं निघायला लागली. लांज्याचा एक जण म्हणाला, फणस दोन लिहिलेत, पण बरका कोणता नि कापा कोणता ते लिहा, आमच्याकडे यावरून डोकी फुटलीत. एकाने विचारलं, न्हाणीचं पाणी कुठे जातं ते आलं का? मंडणगडचे एक गृहस्थ म्हणाले, "पण बाईंनी प्रेमापोटी देते असं लिहिलंय. प्रेम पुढे नाकारलं तर?" त्यावर पडवीतून कुणी म्हणालं, "तुमचा दावा बायकोशी आहे, म्हणून तुम्हाला सुचतं." दही कुणालाच मिळालं नाही. पंगत उठली. सगळ्यांचं मत पडलं की कागद चोख आहे.

मी हात धुवायला विहिरीवर गेलो. सुभद्रा रहाटावर होती. तू मागून आलीस.

"बापू, हात कुठे धुतोस?"

"विहिरीवर."

"विहीर कुठे आहे?"

"ही काय."

"ही कळली. कागदात कुठे आहे?"

रहाट थांबला एवढं मला आठवतं. विहीर पाखाडीच्या पलीकडे. वेगळ्या तुकड्यात. घर घेतल्यावर सहा वर्षांनी तू तो तुकडा निराळ्या खरेदीखताने घेतलास; ते खरेदीखत लिहिलं होतं मीच. पश्चिमेस पाखाडी म्हटलं की घर पाखाडीपाशी संपलं आणि विहीर बाहेर राहिली. चैत्र-वैशाखात उतारावरच्या सगळ्या विहिरी तळ दाखवतात आणि हिला पुरुषभर पाणी असतं. विहिरीशिवाय हे घर म्हणजे चार जांभ्या दगडाच्या भिंती. खानावळ नाही, सुभद्रेचं पोट नाही, काही नाही.

मी म्हणालो, "राहून गेली वाटतं."

तू माझ्या हातावर तांब्यातून पाणी ओतत होतीस. ओतायची थांबली नाहीस. "राहून गेली असेल," म्हणालीस. "लिही."

"आता पक्क्यावर उतरलंय, अक्का. स्टॅम्प पुन्हा..."

"तुझं अक्षर मोकळं आहे. दोन ओळींच्या मध्ये विहीर मावेल."

मावली. दुसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीच्या वर, बारीक अक्षरांत: पाखाडीपलीकडील तुकडा, त्यातील विहीर, रहाट व पाणी भरण्याच्या वहिवाटीसह. आणि मध्येच घातलेली ओळ म्हणून तिच्या शेजारी तुझा अंगठा.

रजिस्ट्रारसाहेबांच्या पुढे आपण गेलो तो दिवस मी शंभर वेळा सांगितला असेन, पण एक तुकडा नेहमी गाळून. साहेब नवे होते, घाटावरचे. त्यांनी तुला विचारलं, "बाई, हे तुम्ही राजीखुशीने देताय? कुणाची जबरदस्ती नाही ना?" तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "जबरदस्ती मीच केली, साहेब. याच्यावर." साहेब हसले, कारकून हसला, इतपत मी सांगतो. सुभद्रेला विचारलं, "तुम्हाला कबूल आहे?" तर ती रडायलाच लागली. "घर दिलं की माणसं जातात," म्हणाली. तू तिला दटावलंस, "मी कुठे जातेय? संध्याकाळी तांदूळ धुवायचेत. हो म्हण." ती हो म्हणाली. हेही मी सांगतो.

गाळतो ते पुढचं. साहेबांनी पानं उलटली आणि दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. "ही ओळ मागाहून का घातली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दस्त लिहिणारा मी. खोलीत चार माणसं, बाहेर माझे सगळे सोबती, ज्यांच्यात मी कधी एक काना चुकत नाही म्हणून मिरवायचो. आयुष्यात मला प्रत्येक प्रश्नावर उत्तर सुचलंय, अक्का. त्या प्रश्नावर सुचलं नाही.

तू म्हणालीस, "लिहिणाऱ्याला तेव्हा तहान लागली नव्हती, साहेब."

साहेबांना काही कळलं नाही, पण तुझ्या तोंडाकडे बघून त्यांनी पुढे विचारलं नाही. शेरा मारला, शिक्का उठला. परत येताना तू वाटेत भाजीवालीशी भांडलीस आणि अळूची जुडी घेतलीस. विहिरीबद्दल ना त्या दिवशी बोललीस, ना पुढच्या आठ वर्षांत.

मी वाट बघत होतो. तू एकदा तरी विचारशील, आणि मी हसून काहीतरी सांगेन. उत्तरं तयार होती. घाई झाली. उन्हाने डोकं दुखत होतं. चतुःसीमेच्या नादात राहिली. तू विचारलंच नाहीस आणि ती उत्तरं माझ्याकडेच पडून राहिली. फक्त एक बदल झाला. पूर्वी मी कचेरीतून आलो की स्वतः विहिरीवर जाऊन पाणी घ्यायचो. त्या दिवसानंतर मी ओटीवर चढलो की सुभद्रा पाण्याचा तांब्या आणून हातात द्यायची. आधी पाणी, मग पान, मग बोलणं. आठ वर्षं, रोज. ही तुझी शिक्षा होती की माया, ते मी अनेकदा ठरवायला बसलो. ठरलं नाही. पाणी मात्र रोज प्यायलो.

आता वामनचं सांगतो. त्याच्यावर राग धरू नकोस. पुतण्याने करायचं ते सगळं त्याने केलं. दहा दिवस जमिनीवर निजला, पिंड ठेवले, कावळा शिवेना तेव्हा हात जोडून उन्हात उभा राहिला. "सुभद्रेचं बघेन" असं कुणीतरी म्हणालं आणि कावळा शिवला. ते म्हणणारा मी नव्हतो. मला ते सुचायला हवं होतं.

चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण झालं आणि वामन पान खाता खाता म्हणाला, "बापूराव, काकूने घराचा कागद केलाय ऐकतो. केला असेल. तिच्या पाटल्यांचं घर, तिची मर्जी. पण विहिरीचा तुकडा वेगळ्या खरेदीचा. मला आठवतं, मी लहान होतो तेव्हा बाबा इथे येऊन त्याची मोजणी बघून गेले होते. घराच्या कागदात तो यायचा नाही. तो मग आमच्याकडे येतो."

सुभद्रा दारात उभी होती. कमरेवर कळशी. ती आत गेली नाही आणि बाहेरही आली नाही.

"आम्ही काही पाणी तोडणार नाही हो," वामन तिच्याकडे न बघता म्हणाला. "पण विचारून भरावं. एवढंच."

तो नाट्याचा म्हातारा माझ्या डोळ्यांपुढे आला, हातात गुळाचा खडा घेऊन उभा राहिलेला.

मी सुभद्रेला पेटी आणायला सांगितलं. कागद वामनच्या हातात दिला. तो वाचतो चांगलं. चतुःसीमेवर बोट ठेवत गेला, पश्चिमेस पाखाडी म्हणाला आणि थांबला. त्याचा चेहरा उजळला, अक्का. तो मला इतका ओळखीचा वाटला. आठ वर्षांपूर्वी घरी बसून पश्चिमेस पाखाडी लिहून पूर्णविराम दिला तेव्हा माझा तसाच झाला असणार.

आणि तेव्हा मी ते पहिल्यांदा सरळ बघितलं. विहीर गाळून मला काय मिळणार होतं? काही नाही. कागदातून सुटलेला तुकडा वामनकडेच गेला असता, हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. मी तर रोज लोकांना तेच सांगतो. मला विहीर नको होती. तुझ्या देण्यात कुठेतरी एक भोक राहावं, एवढंच हवं होतं. आयुष्यभर मी प्रत्येक गोष्ट वाढवून सांगत आलो. एकदाच कमी लिहिलं, आणि ते तुझ्यासाठी.

"दुसरं पान," मी म्हणालो. "खालून चौथ्या ओळीच्या वर."

वामनने पान उलटलं. वाचलं. पुन्हा वाचलं. "ही मागाहून घुसडलेली आहे."

"शेजारी तिचा अंगठा आहे. खाली साहेबांचा शेरा."

"पण मागाहून का?"

चौदा दिवसांत कुणी माझ्याकडे उत्तरासाठी बघितलं नव्हतं, नुसतं ऐकण्यासाठी बघितलं होतं. मी तुझंच वाक्य उचललं. "लिहिणाऱ्याला तेव्हा तहान लागली नव्हती," म्हणालो. वामन हसला नाही. मीही तुझ्यासारखं म्हणू शकलो नाही; वाक्य ओळखीचं आणि आवाज परका. त्याने कागद घडी घालून परत दिला, जेवण चांगलं झालं म्हणाला, सुभद्रेला येतो म्हणाला. मोटारीची वेळ झाली होती. वाईट माणूस नाही तो. गडग्याबाहेर पडताना त्याने पाखाडीच्या पलीकडे एकदा बघितलं, बस.

मी ओटीवर बसून राहिलो. दमलो होतो. चौदा दिवसांचं आणि आठ वर्षांचं एकदम अंगावर आलं. सुभद्रा आली, हातात तांब्या. तिने तो पुढे केला आणि मी घेतला नाही.

"सुभद्रे," मी म्हणालो, "त्या वेळी ती विहीर कागदातून राहून गेली, ती..."

"राहिली नव्हती, मामा. गाळली होतीत."

"अक्का बोलली तुला?"

"अक्का कशाला बोलतील? रहाटावर मीच नव्हते का?"

म्हणजे त्या दिवसापासून. तांब्या तुझा नव्हता, अक्का. मी आठ वर्षं तुझी माया आणि तुझी शिक्षा तोलत बसलो, आणि देणारी ती होती. जिच्या तोंडचं पाणी मी काढून घ्यायला निघालो होतो ती.

"मग रोज पाणी का दिलंस?"

"तहान लागली नव्हती म्हणालात ना," ती म्हणाली. "म्हणजे अक्का म्हणाल्या. मला वाटलं, लागेल कधीतरी." आणि तांब्या माझ्या हातात कोंबला. "घ्या. गार आहे तोवर."

घेतलं, अक्का. पहिल्यांदा चव घेऊन घेतलं. तुझं पाणी गोड आहे.

आज तिसऱ्या प्रहरी पोस्टातले जोशीमास्तर आले. परगावी होते, त्यांना आताच कळलं. ओटीवर टेकले, मान पुसली आणि म्हणाले, "बापूराव, कसं हो झालं एकाएकी?" आत सुभद्रा उद्याचे तांदूळ निवडत होती; सुपाचा आवाज येत होता. का कोण जाणे, मला सांगावंसं वाटलं. तू भिंतीला टेकलीस ते सांगितलं, खिडकीतलं ऊन सांगितलं, सांडलेले दाणे सांगितले. मास्तरांचे डोळे भरून आले. मी आवाज जरा खाली आणला आणि म्हणालो, "आणि तेवढ्यात दाराशी एक मांजर येऊन उभी राहिली."

सूप थांबलं.

"मामा," आतून आवाज आला, "मांजर आपल्याकडे कधी होती हो?"